पोस्टमास्तरांच्या बायकोची लेखणी

‘फावला वेळ’ हा शब्द कुणी काढला कोण जाणे! बाईच्या बाबतीत तरी तो वेळ कॅलेंडरात दिसतो, घड्याळात सापडत नाही. डबे झाले की धुणं, धुणं झालं की निवडण-टिपण, तेवढ्यात मुलं शाळेतून येतात. माझ्यासारखी अर्धवेळ शाळेत शिकवणारी असली की तपासायच्या वह्यांचा गठ्ठा वर. आणि या सगळ्यातून कुणी कागद-पेन घेऊन बसलीच, तर घरातून विचारणा होते, “काय, रिकामी बसलीस वाटतं?”

हसू नका. या सदराला येणाऱ्या पत्रांत ही एक तक्रार वरचेवर असते. “मला लिहायला आवडतं. लग्नाआधी कॉलेजच्या अंकात लिहीत होते. आता लिहायला बसलं की चोरी केल्यासारखं वाटतं.” कुणी लिहितात, “यांना ते आवडत नाही असं नाही, पण कामात धरत नाहीत.” कामात धरत नाहीत! मैत्रिणींनो, सगळं दुखणं या तीन शब्दांत आहे.

म्हणून आज मी तुम्हांला एका इंग्लिश बाईची हकीकत सांगणार आहे. इंग्लंडमधली लेखिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बागेतला बंगला, लिहिण्याची स्वतंत्र खोली आणि चहा आणून देणारी मोलकरीण उभी राहते. तसलं यात काही नाही. ही बाई होती एका खेड्यातल्या पोस्टमास्तरांची बायको. तीन मुलांची आई. कुठल्याही मासिकात नोकरी नाही, कुणाची शिफारस नाही. घरचं आवरून लेख लिहायचे, पाकिटात घालायचे आणि टपालात टाकायचे. छापून आले तर मानधन, नाहीतर साभार परत. अशी तिने आयुष्याची तीसेक वर्षं काढली. तिचं नाव फ्लोरा थॉम्प्सन.

फ्लोराचा जन्म ५ डिसेंबर १८७६चा, ऑक्सफर्डशायरमधल्या ज्युनिपर हिल या वस्तीतला. गाव कसलं, वाडीच ती! तीसेक घरं आणि एक गुत्ता. वडील दगडकाम करणारे गवंडी. आई लग्नाआधी दुसऱ्यांच्या घरी मुलं सांभाळायला राहत असे. त्या मायबापांना बारा मुलं झाली, त्यांतली सहाच जगली. शाळा दीड मैलावरच्या गावात, ऊन असो की पाऊस, पायीच जायचं. चौदाव्या वर्षी शिक्षण संपलं आणि फ्लोरा जवळच्या फ्रिंगफर्ड गावच्या पोस्टात कामाला लागली. तिथली पोस्टमास्तरीण मोठी कर्तबगार होती. एका अंगाला टपाल आणि दुसऱ्या अंगाला लोहारकामाचा भाता, दोन्ही तीच चालवायची. बाई स्वतःच्या हिमतीवर धंदा करू शकते, हे फ्लोराने अगदी कोवळ्या वयात डोळ्यांनी पाहिलं.

पुढे ती हॅम्पशायरमधल्या ग्रेशॉटच्या पोस्टात होती. त्या टेकड्यांच्या भागात तेव्हा मोठमोठे लेखक राहायला असत. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल आणि नाटककार बर्नार्ड शॉ पोस्टात यायचे. ही काउंटरमागून तिकिटं द्यायची. त्यांचं बोलणं ऐकून आपण लिहिण्याची हौस धरावी हेच तिला हास्यास्पद वाटू लागलं, असं सांगतात. आपल्यालाही असं होतंच की! मोठ्या साहित्यिकांचं भाषण ऐकून घरी यावं आणि आपली वही ट्रंकेच्या तळाशी ढकलावी, हे काय आपण केलेलं नाही?

१९०३ मध्ये टपालखात्यातल्याच जॉन थॉम्प्सन यांच्याशी तिचं लग्न झालं आणि बिऱ्हाड समुद्रकाठच्या बोर्नमथला थाटलं. नोकरी अर्थातच सुटली. त्या काळी ब्रिटनच्या टपालखात्याच्या कायम नोकरीत लग्न झालेल्या बाईला ठेवतच नसत. सरकारी नोकऱ्यांतला हा नियम उठायला १९४६ साल उजाडावं लागलं. म्हणजे बघा, बाईच्या गळ्यात मंगळसूत्र घालण्याची पद्धत तिकडे नसली तरी लग्नाबरोबर पगार जाण्याची पद्धत होती!

सासरच्या मंडळींना सून खेड्यातल्या गवंड्याची, त्यातून तिला पुस्तकांचं वेड. वाचणं म्हणजे वेळ घालवणं, लिहिणं म्हणजे तर वेडेपणाच, असं तिथलं एकूण वातावरण होतं. नवरा वाईट नव्हता हो. नेकीचा, कामसू, संसार नीट करणारा. पण बायकोच्या या नादाचं त्याला काही कौतुक नव्हतं.

आणि त्या वेळचं इंग्लिश घरकाम म्हणजे काय ते आपल्याला सहज कळेल. कोळशाच्या शेगड्या पहाटे साफ करून पेटवायच्या, लोखंडी चुलीला काळं पॉलिश घासायचं, सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस. तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाणी तापवून कपडे उकळायचे, हाताने पिळायचे आणि तिकडच्या ओल्या हवेत वाळवायचे. मग इस्त्रीचे जड ठोकळे चुलीवर तापवून इस्त्री. शिवण, रफू, मुलांची आजारपणं. यातून वेळ काढून फ्लोराबाई सार्वजनिक वाचनालयात जायच्या. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या या बाईचं कॉलेज म्हणजे ते वाचनालय. पुस्तकं फुकट मिळत, आणि घरच्या खर्चातून पैसाही काढावा लागत नसे.

लग्नानंतरची आठ वर्षं अशीच गेली. मुलगी सात वर्षांची झाली, मुलगा दोन वर्षांचा. १९११ साली ‘द लेडीज कंपॅनियन’ या बायकांच्या मासिकाने एक स्पर्धा लावली. विषय, जेन ऑस्टिन ही लेखिका. शब्दमर्यादा फक्त तीनशे. तीनशे शब्द! दूध ऊतू जाणार नाही इतक्या वेळात होण्यासारखं काम, नाही का? फ्लोराबाईंनी निबंध पाठवला आणि स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी ‘टायटॅनिक’ बोट बुडाली. त्या दुर्घटनेवर रोनाल्ड मॅक्फी या डॉक्टर-कवीने लिहिलेल्या दीर्घ कवितेचं रसग्रहण करण्याची स्पर्धा दुसऱ्या एका मासिकाने लावली, तीही यांनी जिंकली. खुद्द कवीनेच मग पत्र पाठवलं. त्यातून जी मैत्री जुळली ती १९३१ मध्ये ते गृहस्थ वारले तोपर्यंत टिकली. यांच्या लिखाणाकडे गंभीरपणे पाहणारं ते पहिलं माणूस.

त्यानंतर बाईंनी कंबर कसली. मासिकांना गोडगोड प्रेमकथा लिहून धाडायला लागल्या. त्या कथांबद्दल त्यांना स्वतःला पुढे फारसा अभिमान वाटत नसे. पण कथा खपायच्या, पैसे यायचे. आणि पैसे येऊ लागल्यावर गंमत अशी झाली, की घरातली कुरकुर थांबली. आपल्या तुटपुंज्या मोकळ्या वेळाचा हवा तसा उपयोग करण्याचा हक्क आपण कमावला, अशी त्यांची भावना होती. हक्क, आणि तोही कमावलेला! हे मी तुम्हांला ठसवून सांगते आहे, कारण याच गोष्टीकडे पुढे परत यायचं आहे.

१९१६ मध्ये जॉन थॉम्प्सन हॅम्पशायरमधल्या लिपहुक गावी पोस्टमास्तर झाले. त्याच वर्षी फ्लोराबाईंचा सगळ्यांत लाडका भाऊ एडविन पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये इप्र शहराजवळ मारला गेला. १९१८ मध्ये धाकटा मुलगा पीटर झाला. वय तेव्हा एक्केचाळीस. पुन्हा दुपटी-लंगोट, पुन्हा रात्रीची जागरणं. लिखाण काही काळ बाजूला पडलं, पण सुटलं नाही.

लिपहुकच्या भोवती माळरानं, जंगलं, दलदलीच्या जागा. तांबूस-जांभळ्या फुलांच्या हेदर नावाच्या झुडपांनी टेकड्या भरलेल्या. फ्लोराबाई घरचं उरकून एकट्याच पायी निघत आणि मैलोन्‌मैल हिंडून येत. कुठल्या आठवड्यात कुठलं फूल उमललं, कुठला पक्षी आला, गोठलेल्या डबक्यावर सकाळी काय दिसलं, हे सगळं मनात टिपून आणायचं आणि घरी येऊन लिहायचं. १९२० नंतरच्या दशकात ‘द कॅथलिक फायरसाइड’ या नियतकालिकात त्यांनी निसर्गावर नियमित लेख लिहिले, शिवाय त्याच अंकांतून वाचकांना चांगल्या पुस्तकांची ओळखही करून दिली. म्हणजे आमच्यासारख्याच त्या सदरलेखिका होत्या!

सदर चालवणं बाहेरून वाटतं तितकं सोपं नसतं. कविता सुचेल तेव्हा करावी, पण सदराला तारीख असते. मूल तापाने फणफणलेलं असो, पाहुणे आलेले असोत, लेख वेळेवर पोचलाच पाहिजे. अंकाची जुळणी आधी होते, म्हणून वसंतातल्या फुलांवरचा लेख थंडीतच लिहून ठेवावा लागतो. आपल्याकडे दिवाळी अंकाचं लिखाण भर पावसात करतात ना, तसंच. जागा ठरलेली, तेव्हा पाल्हाळ चालत नाही. वाचणाऱ्याला कंटाळा येऊन भागत नाही. या शिस्तीने फ्लोराबाईंचा हात इतका बसला, की पुढे त्यांच्या वाक्यात एक शब्द फालतू सापडेना.

जोडीला त्यांनी आणखी एक उद्योग केला. मिल्ड्रेड हंबल-स्मिथ या मैत्रिणीच्या साथीने ‘पेव्हरेल सोसायटी’ नावाचं लेखकांचं मंडळ चालवलं, तेही टपालाने. ठिकठिकाणचे हौशी लेखक आपलं लिखाण पाठवत, ते गठ्ठ्याने एकमेकांकडे फिरे, प्रत्येक जण अभिप्राय लिही आणि फ्लोराबाई ते सगळं बारकाईने वाचून सुधारणा सुचवत. वह्या तपासणं कोणत्या कष्टाचं काम आहे ते मला विचारा! आपलं स्वतःचं लिहायचं मनात घोळत असतं आणि समोर दुसऱ्याच्या चुकांचा ढीग. पण हे मंडळ त्यांनी १९४१च्या सुमारापर्यंत चालवलं. खेड्यात एकटं बसून लिहिणाऱ्या माणसाला सोबत लागते, हे त्यांना ठाऊक होतं.

१९२१ मध्ये त्यांचा एक छोटा कवितासंग्रह निघाला, पण त्याने नाव झालं नाही. पुढे लिपहुकच्या माळाच्या कडेला मनासारखं घर मिळालं, पण लगेच नवऱ्याची बदली झाली, डेव्हनमधल्या डार्टमथला. १९२८ मध्ये त्यांनी ते घर सोडलं. बदलीच्या नोकरीतल्या नवऱ्यांच्या बायकांना हे दुःख सांगायला नको. पडदे लावून होतात न होतात तोच पुन्हा खोकी बांधायची!

आता बाईंचं वय पन्नाशीच्या पुढे गेलेलं. मोठी मुलं आपापल्या मार्गाला लागलेली. आणि तेव्हा त्या ज्युनिपर हिलकडे वळल्या. ज्या वाडीतून आलो म्हणून सासरी ऐकून घ्यावं लागलं, त्याच वाडीबद्दल लिहू लागल्या. १९३७ मध्ये ‘द लेडी’ या साप्ताहिकात त्यांचा ‘ओल्ड क्वीनी’ हा लेख आला. त्यांच्या लहानपणी वाडीत राहणाऱ्या एका म्हातारीचं ते चित्र. ही क्वीनी आजी उशीवर टाचण्या रोवून, दोऱ्यांच्या गुंडाळ्या फिरवून हाताने लेस विणायची आणि मधमाश्या पाळायची. यंत्रावरची लेस आली आणि तिच्या हातच्या लेसला गिऱ्हाईक उरलं नाही. मौज पाहा, ‘द लेडी’ हे १८८५ मध्ये सुरू झालेलं साप्ताहिक श्रीमंत घरांना दाया आणि मोलकरणी मिळवून देणाऱ्या छोट्या जाहिरातींसाठी प्रसिद्ध होतं. अशा दाईचीच लेक त्यात लेखिका म्हणून छापून आली.

असे काही लेख झाल्यावर ते त्यांनी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे पाठवले. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या बाईने! प्रेसने आणखी लिहायला सांगितलं आणि १९३९ मध्ये ‘लार्क राइज’ हे पुस्तक निघालं. लेखिकेचं वय तेव्हा बासष्ट. तीनशे शब्दांच्या निबंधानंतर अठ्ठावीस वर्षांनी.

या पुस्तकात राजे नाहीत, लढाया नाहीत. आहे तो १८८०च्या सुमारासचा गरीब बायकांचा संसार. शेतमजुराची मजुरी आठवड्याला दहा शिलिंग, म्हणजे अर्धा पौंड. तेवढ्यात सात-आठ पोरांचं घर. गरम जेवण दिवसातून एकदा, संध्याकाळी, पुरुष कामावरून आल्यावर. त्याची युक्ती वाचून तर मी थक्क झाले. एकच मोठं पातेलं. त्यात घरच्या डुकराच्या खारवलेल्या मांसाचा लहानसा तुकडा, जाळीच्या एका पिशवीत कोबी, दुसऱ्या जाळीत बटाटे, आणि पीठ गुंडाळून केलेला गोड पदार्थ फडक्यात बांधलेला. ज्याला जसा वेळ लागेल तसं ते एकामागून एक पातेल्यात सोडायचं. एकाच जाळावर सगळा स्वयंपाक! आपण कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे एकदम लावतो, त्यापेक्षा ही कला काही कमी नाही.

तीस घरांपैकी पाण्याची स्वतःची सोय फक्त तीन घरांना. बाकीच्या बायका वस्तीच्या कडेच्या विहिरीवरून खांद्यावर कावड घेऊन दोन-दोन बादल्या आणायच्या. शेतं कापून झाली की बायका-मुलं भल्या पहाटे सरवा वेचायला जायची. वाकून वाकून पाठ मोडायची, पण त्या सरव्याचं पीठ हिवाळ्याला कामी यायचं. आणि बाळंतपणाची पेटी! पाद्रीबुवांची मुलगी झबली, दुपटी, पट्टे, लंगोट असं सगळं सहा-सहा नग शिवून एका पेटीत ठेवायची. ज्या घरी बाळंतपण, त्या घरी ती पेटी जायची. सोबत चहा, साखर आणि ओटची पेज करायला डबा, हे मात्र भेट. कपडे धुऊन परत करायचे, म्हणजे पुढच्या बाईला होतात. आपला बाळंतविडाच तो, फक्त घरोघर फिरणारा.

या गोष्टी कुणी लिहून ठेवल्या असत्या सांगा पाहू? सरकारी अहवालात मजुरी येते, पातेल्यातली जाळी येत नाही. इतिहासाच्या पुस्तकात विहिरीची खोली मिळेल, कावड घेऊन चढ चढताना बाई कुठे दम घ्यायला थांबायची ते मिळणार नाही. फ्लोराबाईंना ते माहीत होतं, कारण त्या स्वतः त्या घरातल्या होत्या. आणि ते मोजक्या शब्दांत सांगायचं कसब त्यांच्या हाती होतं, कारण तीस वर्षं त्यांनी मासिकांची पानं भरली होती.

१९४१ मध्ये ‘ओव्हर टु कँडलफर्ड’ हा दुसरा भाग आला. त्याच वर्षी धाकटा पीटर, बाविशी-तेविशीचा मुलगा, ज्या व्यापारी जहाजावर काम करत होता ते अटलांटिक समुद्रात पाणतीराने बुडालं. पहिल्या युद्धाने भाऊ नेला, दुसऱ्याने मुलगा. तेव्हा बिऱ्हाड डेव्हनमध्येच ब्रिक्सहॅमला होतं. या धक्क्यातून त्या पुरत्या सावरल्या नाहीत. तरी तिसरा भाग, ‘कँडलफर्ड ग्रीन’, पुरा केला. तो १९४३ मध्ये निघाला. १९४५ मध्ये तिन्ही मिळून एक पुस्तक झालं, ‘लार्क राइज टु कँडलफर्ड’. २१ मे १९४७ रोजी फ्लोराबाई हृदयविकाराने गेल्या. २००८ ते २०११ या काळात बीबीसीने त्यांच्या पुस्तकांवरून मालिका केली, तेव्हा दूरदूरच्या देशांतल्या लोकांना ही वाडी माहीत झाली.

आता त्या हक्काच्या गोष्टीकडे वळू. फ्लोराबाईंना लिहिण्याची मोकळीक केव्हा मिळाली? लिखाणाचे पैसे येऊ लागल्यावर. हे वाचून मनाला थोडं लागतं. नवऱ्याने संध्याकाळी वर्तमानपत्र उघडलं तर त्याचा हक्क त्याला कमवावा लागत नाही. तो दमलेला असतो, विसावा घेतो. बाईचा तासभर मात्र हिशेबाला बसतो. त्या तासाची किंमत म्हणून फ्लोराबाईंनी वर्षानुवर्षं प्रेमकथा लिहिल्या. ‘लार्क राइज’ जर पस्तिशीत लिहायला बसता आलं असतं, तर किती पुस्तकं झाली असती!

पण दुसरी बाजूही आहे. ते फुटकळ लिखाण फुकट गेलं असं मला वाटत नाही. शाळेत मी पाहते, रोज पाच ओळी लिहिणारी मुलगी वर्षाअखेरीस निबंधात पुढे जाते. फ्लोराबाईंच्या बाबतीत ती पाच ओळींची शाळा अठ्ठावीस वर्षं चालली, एवढंच. आणि पैशाची लाज तरी का धरावी? पापड लाटून विकले तर बाईचं कौतुक होतं, मग लेख विकला तर ‘हौस’ का म्हणावं? मानधन थोडं असेल. पण ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खात्यात जमा होऊ द्या. ते घरखर्चाला लावायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तरीही माझं म्हणणं असं, की वेळेचा हक्क पैशावर टांगून ठेवू नये. पैसे येतील तेव्हा येतील. त्याआधीच घरात एकदा शांतपणे, भांडण न करता सांगा, “दुपारी तीन ते चार मी लिहिते. त्या तासात मला हाक मारायची नाही.” पहिले आठ दिवस सगळे हाक मारतील. नवव्या दिवसापासून ‘आई लिहिते आहे’ हे वाक्य मुलंच पाहुण्यांना सांगू लागतील. कामात धरायला लोकांना आधी आपण शिकवावं लागतं, आणि त्यासाठी आधी आपणच ते कामात धरावं लागतं.

फ्लोराबाईंकडून आणखी चार गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

एक, लहान लिहून सुरुवात करा. कादंबरीचा विचार पुढे. तीनशे शब्दांत एक गोष्ट धड सांगता आली की खूप झालं. ज्या अंकाला पाठवायचं तो आधी सहा महिने नीट वाचा. तिथे काय छापतात, किती लांबीचं छापतात ते पाहा.

दोन, एक वही स्वयंपाकघरात ठेवा. आजी कडधान्याला कीड लागू नये म्हणून काय करायची, कोणत्या ओव्या म्हणायची, तुमच्या गल्लीत नळाला पाणी किती वाजता यायचं आणि त्या रांगेत काय काय बोललं जायचं, हे सगळं लिहून ठेवा. आज ते साधं वाटतं. पन्नास वर्षांनी ते कुणाला ठाऊक नसेल.

तीन, साभार परत आलं तर फाडू नका. कोरा हात फिरवून दुसरीकडे पाठवा. आपल्याजवळ एक प्रत मात्र राहू द्या. आता तर पाकिटात परतीचं तिकीट घालण्याचीही कटकट नाही. मोबाइलवर मराठी टाइप करून ई-मेलने पाठवता येतं. गावात राहता की शहरात, संपादकांना त्याने फरक पडत नाही.

चार, एक तरी मैत्रीण जोडा जी तुमचं लिखाण वाचेल आणि खरं सांगेल. “छान आहे हं” म्हणणारी नव्हे, “इथे मला कंटाळा आला” म्हणणारी. चार जणींनी मिळून महिन्याला एकेक लेख फिरवला, तर तुमची पेव्हरेल सोसायटी घरबसल्या तयार होते.

आणि एक लक्षात ठेवा, बासष्टाव्या वर्षी पुस्तक निघालं म्हणून वाट पाहत बसायची गरज नाही. फ्लोराबाईंनी बासष्टाव्या वर्षी सुरुवात केलेली नव्हती. सुरुवात चौतिसाव्या वर्षीच झाली होती, दोन मुलं पायाशी घोटाळत असताना, तीनशे शब्दांनी. तेव्हा या आठवड्यात तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू घ्या, आईचं पितळी पातेलं म्हणा, पाटा-वरवंटा म्हणा, आणि तिच्यावर तीनशे शब्द लिहून आमच्याकडे पाठवा. निवडक लेखांवर पुढे याच पानावर बोलू.